उसना श्वास

तालमीत पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडं उघडली आणि केसरला वाटलं, त्या सगळ्यांच्या घशातून आपलाच आवाज बाहेर येतो आहे. आधी अंगावर काटा आला, मग पोटातून काहीतरी कडवट वर चढलं आणि तिने ते गिळलं. शाळेचा लांबडा वर्ग होता. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर सकाळचं व्याकरण अर्धवट पुसलेलं, आणि खिडकीतून वाळत्या बोंबलांचा तो वास येत होता, जो रेवदंड्यात जन्म काढलेल्या माणसाला वेगळा म्हणून कधी जाणवत नाही. आज तिला जाणवला. दिनानाथबुवा पेटीवर ओणवे झाले होते. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची करंगळी हवेत. त्या करंगळीचं नख त्यांनी लांब वाढवलं होतं आणि फुरसतीला ते त्याच नखाने कान कोरत. "शब्द नाहीत याला," ते बायकांना सांगत होते. "नुसतं हूं. तोंड मिटून सुरुवात, मग हळूहळू उघडायचं. खालच्या निषादावरून थेट रिषभावर. मधल्या षड्जाला शिवायचं नाही, अजिबात नाही. आणि तिथे थांबायचं. श्वास अडकल्यासारखं." बायका थांबल्या. खरोखरच श्वास अडकल्यासारख्या थांबल्या, आणि कुणीतरी मागून कौतुकाने "वा" म्हणालं. दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या केसरने तोंड मिटूनच ठेवलं. शेजारी, तिच्याकडे वळलेला, सोनाराच्या रतनचा उघडा जबडा होता, आतली ओली जीभ, दाढेतला काळा खड्डा, आणि त्या खड्ड्याशेजारून तिचं स्वतःचं, कुणालाही न ऐकवलेलं, ते हूं.

मंडळ तसं जुनं नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली पहाटेच्या फेऱ्यांतून जी माणसं गात हिंडली, त्यांतली काही तुरुंगात गेली, काही घाबरून घरी बसली, आणि जी उरली त्यांना गाण्याची चटक लागली होती. बाळाजी मास्तरांनी त्यांचं समूहगायन मंडळ केलं. बायका आणि पुरुष एका खोलीत गातात म्हणून थोडे दिवस गावात कुजबुज झाली, पण मास्तर स्वतः तुरुंग पाहून आलेले, त्यांना कोण बोलणार? तीच ती गाणी तीन वर्षं गाऊन झाल्यावर मास्तर एकदा उठून म्हणाले, "दुसऱ्यांची उष्टी गाणी किती दिवस गायची? आपण एक चांगला चाल लावणारा माणूस आणून ठेवू. थंडीभर आपल्यात राहील, आपले गळे ऐकेल आणि आपल्यासाठी नवीन काहीतरी करील. कुठे झालं नसेल असं." सगळ्यांना पटलं. प्रश्न एवढाच होता, माणूस राहणार कुठे. केसरच्या नवऱ्याने, भागोजीने, हात वर केला. सुपारीची वाडी, विहीर, वर रिकामी माडी. घरात दोघंच. "आमच्याकडं राहू द्या," तो म्हणाला, "तेवढीच घरात जाग." ते शेवटचे शब्द केसरला रुतले. पण घरी आल्यावर ती काही बोलली नाही. गेली तीन वर्षं ती तशी बोलतच नसे. मीठ हवं का, वाडीच्या पाण्याचा पाट कुणी फोडला, नारळ उतरवायला कोण येणार, एवढंच.

दिनानाथबुवा रेवसच्या बंदरावर आगबोटीतून उतरले आणि पेटी मांडीवर घेऊन गाडीतून हेलकावे खात आले. नाटक कंपनीत पेटी वाजवण्यात त्यांची हयात गेली होती. बोलपट आले, कंपनी मोडली, आणि गिरगावातल्या खोलीत ते नुसते बसून होते. पहिल्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हापासून केसरला त्यांची किळस आली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिला आता सगळ्याच तोंडांची किळस येई. पण बुवांचं तोंड जरा जास्तच उघडं होतं. ते भुरके मारत, बोंबलाचा काटा ओठांच्या मधोमध आणून ताटाबाहेर टाकत, हात मनगटापर्यंत चाटत. सकाळी विहिरीवर घशात बोटं घालून ओकाऱ्या काढत आणि त्या ओकाऱ्यांच्या मधूनच एखादी अशी तान घेत, की हातातली कळशी तशीच धरून केसर उभी राही. हेच तिला सोसवत नसे. तपकिरीने पिवळा झालेला रुमाल, उशीवर तेलाचा डाग, आणि त्याच माणसाच्या गळ्यातून, त्याच ओल्या भोकातून, इतकं स्वच्छ काही कसं येतं? माणूस नुसताच घाण असता तर तिने त्याला सहज सोसलं असतं.

ते तिच्यावर कान ठेवून आहेत हे तिला फार उशिरा कळलं. दुपारी ती मागच्या पडवीत विळीवर नारळ खवायला बसे तेव्हा माडीवरची पेटी बंद होई. तिला वाटे, बुवा झोपले. खवताना तिच्या नाकातून काहीतरी निघतं हे तिला ठाऊक होतं आणि नव्हतंही. भागोजी कधी त्याबद्दल बोलला नव्हता. एकदा जेवताना बुवा म्हणाले, "वहिनी, दुपारी तुम्ही गुणगुणता ते कुठलं?" ती म्हणाली, "काही नाही." "काही नाही कसं? फार वेगळं आहे. षड्जाभोवती फिरतं आणि त्याला शिवत नाही." "मला त्यातलं कळत नाही बुवा. भात घेता?" तिने भात वाढला. बुवांनी त्यावर आमटी ओतून घेतली आणि बोटाने तिला वाट करून देत ते बराच वेळ केसरकडे बघत राहिले. त्या रात्रीपासून ती खवताना ओठ घट्ट मिटून बसू लागली. पण तोवर जे जायचं ते माडीवर गेलं होतं.

आणि आज ते शाळेच्या वर्गात उभं होतं, चार रांगांमध्ये वाटलेलं. बायकांनी श्वास अडवायचा, पुरुषांनी खालून जड, घोगरं काहीतरी धरून ठेवायचं, मग बायकांनी पुन्हा चढायचं. पुरुषांच्या मागच्या रांगेत भागोजी होता. त्याला सुराचं फारसं अंग नव्हतं, पण छाती मोठी होती म्हणून बुवांनी त्याला खालच्या स्वरावर उभा केला होता. त्याचे डोळे मिटलेले होते. तालमीचा शेवट आला तेव्हा बुवांनी हात खाली आणला आणि सगळे आवाज, इतका वेळ टाळलेल्या त्या षड्जावर, एकदम येऊन बसले. घरी येऊन पाय धुतल्यासारखं वाटलं सगळ्यांना. रतनने डोळ्यांना पदर लावला. बाळाजी मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "बुवा, नाव काय द्यायचं?" बुवा म्हणाले, "श्वास."

केसर घरी आली, चूल पेटवली आणि जाळाकडे बघत बसली. तिच्या हूंला शेवट नव्हता. तिने तो कधी येऊ दिला नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात त्यांच्या वच्छीला घटसर्प झाला तेव्हा पोरीचा प्रत्येक श्वास शिट्टी मारत आत जाई आणि मध्येच अडके. दीड वर्षाची पोर, गळा सुजून बैलासारखा झालेला. अलिबागेच्या डॉक्टरांना निरोप गेला होता, पण रस्त्याला पाणी होतं. केसर तिला मांडीवर घेऊन बसली होती. श्वास अडकला की ती नाकातून हूं करी, खालून वर, जणू तो स्वर दोरीसारखा आत सोडून पोरीचा पुढचा श्वास ओढून काढायचा होता. श्वास येई. मग पुन्हा हूं. एकदाही तिने तो स्वर खाली टेकवला नाही. टेकवला तर पोरीला कळेल, आता झालं, आता झोपायला हरकत नाही, अशी तिची समजूत झाली होती. मग पोर निळी पडू लागली तेव्हा केसरने तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि घशातलं ते चिकट पांढरं शोषून काढलं. थुंकलं. पुन्हा शोषलं. त्याची चव, तो गोडसर कुजका वास, नारळाचं पाणी नासल्यावर येतो तसा. चौथ्या की पाचव्या वेळी तिला ओकारी आली. तिने पोर भागोजीच्या हातात दिली आणि मोरीकडे धावली. परत आली तेव्हा संपलं होतं. त्यानंतर ती पानातलं सावकाश खाई, घास तोंडात फिरवी आणि गिळताना डोळे मिटी. माणसं बोलताना ती त्यांच्या ओठांकडे बघत नसे. मोरीत आपण किती वेळ होतो हे तिने कधी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागोजी वाडीत शिंपणं बघायला गेला होता. बुवा पानावर बसले होते. केसर वाढायचं थांबवून दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"बुवा, ते काढून टाका."

"काय?"

"काल शिकवलंत ते. ते माझं आहे."

बुवांनी घास तसाच हातात धरला. "वहिनी, मी काय चोरलं का? तुम्हीच म्हणालात, काही नाही म्हणून." मग त्यांचा आवाज खाली आला. "तीस वर्षं पेटी बडवली मी. दुसऱ्याच्या चालीमागून धावत. तो चुकला तर आपण झाकायचं, तो थांबला तर आपण भरायचं. माझं म्हणून कधी काही आलं नाही. इथे आलं. या घरात आलं."

"ते तुमचं नाही."

"नाही. खरंय. पण मला भागोजींनी सांगितल्यावर ते नुसतं गुणगुणणं राहिलं नाही. मला ऐकू येऊ लागलं ते. पोरीचा श्वास, तुमचं ते..." त्यांनी नजर वळवली. "तुम्ही तिच्या तोंडाला तोंड लावलंत. कोण करतं असं वहिनी? ऐकताना माझ्या अंगावर शहारे आले. फार रडले भागोजी."

केसरने हातातली पळी खाली ठेवली. तिला बुवांचे ओठ दिसले, तुपाने चकाकणारे, हलणारे, आणि त्या ओठांमधून तिची वच्छी, तिचं तोंड, ते पांढरं. भागोजीने हे बाहेर काढलं होतं. माडीवर बसून, मध्ये पानाचा डबा, चुन्याचं बोट पानावर फिरवत, पाहुण्याला करमावं म्हणून. ज्या खोलीत पोरीला घेऊन ती दोघंच होती त्या खोलीचं दार त्याने उघडून दिलं होतं आणि आता त्यात चार रांगा उभ्या होत्या, सूर लावत. तिला बुवांची किळस आली होतीच, ती आता जरा दूरची, परक्या माणसाची किळस झाली. खरी किळस वाडीत होती, शिंपण्याच्या पाण्यात पाय टाकून उभी होती आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या शेजारी झोपणार होती.

तिने मास्तरांनाही सांगून पाहिलं. बाळाजी मास्तर तिला मुलीसारखं मानत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "केसरबाई, दुःख कुणाला चुकलंय? तुमचं दुःख आता सबंध मंडळ उचलतंय. हलकं होईल ते." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. केसरला वाटलं, हे पाणी कुणी पुसून घेईल का, माझ्या अंगावर पडेल. "तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात ना, तिथेच राहा," मास्तर म्हणाले. "तुमच्यावाचून त्याला अर्थ नाही." ती मंडळ सोडू शकली असती. पण ते आपल्याशिवाय गायलं जाईल ही कल्पना तिला आपल्यासकट गायलं जाण्याहूनही भयंकर वाटली. ती तालमींना जात राहिली. आणि तिला सगळ्यात जास्त चीड आली ती स्वतःच्या गळ्याची. गळ्याला ते आवडत होतं. पुरुषांचा तो घोगरा आधार खालून आला की गळा आपोआप सैल होई, वर चढे, इतक्या आवाजांच्या मध्ये सुखाने तरंगे. ती घरी येऊन चूळ भरी, पुन्हा पुन्हा भरी.

माघात शाळेच्या पटांगणात मांडव घातला. चौलपासून, मुरुडपासून माणसं आली. पुढे सतरंज्यांवर वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. मागे कोळीवाड्यातली मंडळी उभी. किटसनच्या बत्त्या फुसफुसत होत्या आणि त्यांच्या उजेडात मंडळाच्या लोकांचे चेहरे पिवळे, हिरवट दिसत होते. बुवांनी नवी टोपी घातली होती. आधी नेहमीची गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग मास्तर पुढे आले आणि म्हणाले, की हे गाणं आपल्या गावात जन्मलं आहे, आपल्यातल्याच एका मातेच्या अंतःकरणातून. ते नाव घेणार नव्हते, पण त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मग सगळ्या मांडवाने पाहिलं. केसरने मान खाली घातली नाही. हूं सुरू झालं. ते वर चढलं, अडकलं, पुन्हा चढलं. मांडवात कुणी खोकत नव्हतं. मागे एक कोळीण आपल्या कडेवरच्या पोराला नकळत घट्ट धरत होती, हे केसरला दिसलं. मग बुवांचा हात खाली आला आणि सगळे षड्जावर बसले. केसर बसली नाही. ती रिषभावरच राहिली. तिने काही ठरवलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपण उतरलो तर ती पोर या इतक्या लोकांसमोर पुन्हा मरेल. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. सगळ्यांच्या षड्जावर तिचा एकटीचा स्वर करवतीसारखा घासत राहिला, बुवांनी डोळे मोठे केले, पुरुषांचा श्वास संपला, बायकांचा संपला, आणि तिचा एकटीचा उघडा, बेसूर स्वर मांडवात उरला. मग तोही तुटला. ती वाट पाहत होती की कुणीतरी हसेल, ओरडेल, तिला खाली ओढेल. आल्या त्या टाळ्या. पुढचे वकील उठून उभे राहिले.

मांडवामागे बुवा धावत आले. तपकिरीचा रुमाल हातात, गाल ओले. "वहिनी! हेच. हेच मला सापडत नव्हतं. सगळे घरी पोचतात आणि एक बाई दारातच उभी. असंच ठेवायचं आता. नेहमी असंच!" त्यांनी तिचे हात धरले. त्यांचे तळवे घामाने चिकट होते. केसरने हात सोडवून घेतले, कुडाच्या मागे गेली आणि पोटातलं सगळं ओकली. आत मास्तर कुणाला तरी सांगत होते, की शेवट मुद्दाम तसा बसवला आहे.

त्यानंतर ती मंडळात गेली नाही. तिच्या जागी शेवटचा स्वर रतनला मिळाला. रतनचा गळा चांगला, शिवाय ती बरोबर ठरल्या ठिकाणी डोळे पुसे. होळीच्या आधी बुवा मुंबईला परत गेले. जाताना वाकून नमस्कार करू लागले, तेव्हा केसर स्वयंपाकघरात निघून गेली. माडी तिने शेणाने सारवली, उशी उन्हात टाकली, मग ती उशी जाळली. मंडळ अलिबागेत गायलं, पेणला गायलं. घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं, असं तिला वाटलं. एका दुपारी ती विळीवर बसली. खोबऱ्याचा पहिला कीस पडला आणि नाकातून हूं आलं. ती दचकली. ते वर चढलं, थांबलं, आणि त्याच्या खाली पुरुषांचा तो घोगरा आधार होता. तिने पुन्हा करून पाहिलं. या वेळी रतन होती, ठरल्या ठिकाणी लांबवत होती. वच्छीची ती शिट्टी, तो एकुलता एक उरलेला आवाज, कुठेच नव्हता. तिने नारळ बाजूला ठेवला आणि रिकाम्या विळीसमोर नुसती बसून राहिली.

उरणला मंडळ गेलं होतं तिथून भागोजी दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. हातपाय धुऊन पानावर बसला. "उरणला काय गर्दी!" तो म्हणाला. "आगरातली माणसं, मिठानं पाय भरलेले तसेच आलेले. शेवटी एक म्हातारा तर..." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो थांबला. ती त्याच्यासमोर खाली बसली होती. ती कधी अशी बसत नसे.

"बुवांना सगळं सांगितलंत तुम्ही," केसर म्हणाली. "मी तोंड लावल्याचंसुद्धा."

भागोजीच्या हातातला घास ताटात पडला. तो भाताची शितं एकत्र करू लागला.

"व्हय," तो म्हणाला.

"लाज नाही वाटली?"

"वाटली." त्याने मान वर केली. त्याचे ओठ पानाने कडेला तांबडे झाले होते, मिशीला भाताचं शीत लागलं होतं. "मग काय करू? तीन वर्षं झाली. तू बोलत न्हाईस. पोरीचं नाव घेतलं तर उठून जातेस. मी कुणाजवळ बोलू, माडांजवळ? त्यानं इचारलं. कुणी मला इचारलंच नव्हतं गं. सगळी तुला इचारायची, तू कशी हायस. त्यानं इचारलं आणि माझं तोंड सुटलं."

"मोरीचं सांगितलंत?"

"न्हाय."

"का?"

"ते तुझं हाय. तू मोरीत असताना जे झालं ते माझं हाय. ते दोन्ही मी न्हाय सांगितलं. बोंबा मारत सांगावंसं वाटलं, पण न्हाय सांगितलं."

केसरला किळस कमी झाली असं वाटलं नाही. ते शीत अजून मिशीला होतं, पानाचा वास येत होता, ओठ हलत होते. पण त्या तोंडाच्या आत काहीतरी होतं जे तिने तीन वर्षं मागितलं नव्हतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं. मंडळाकडे नाही, बुवांकडे नाही. तिने ताट एका बाजूला सरकवलं आणि जवळ सरकली, इतकी जवळ की त्याचा श्वास तिच्या तोंडावर येऊ लागला.

"मग मला सांगा," ती म्हणाली. "मी गेले. त्यानंतर काय झालं?"

बाहेर पाटाचं पाणी सुपारीच्या आळ्यांतून वाहत होतं. भागोजीने हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं.

"तू गेलीस," तो म्हणाला, "आणि तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बरी झाली. मी तुला हाक मारणार होतो, तेवढ्यात..."